शिंगराच्या गळ्याखालची गांठ

शाळेच्या वार्षिकांत इतिहास, प्रवासवर्णन, विज्ञान व खेळ यांविषयीं लेख यावेत, हें वाचकांस स्वाभाविक वाटतें. परंतु घोड्याच्या गळवाविषयीं लेख यावा याचें कित्येकांस नवल वाटेल. ज्यांच्या घरीं टांगा आहे, ज्यांचीं तट्टें माथेरानच्या डोंगरावर प्रवाशांस वाहून नेतात, किंवा ज्यांचीं खेचरें वीटभट्टीवर राबतात, त्यांस मात्र तें वाटणार नाहीं. अशा घरीं जनावर ही हौसेची वस्तु नसते; घरचें शेत आणि घरचें दुकान सर्व कांहीं तेंच असतें. तें आजारी होऊन दाराशीं उभें राहिलें म्हणजे त्या दिवसाची मिळकत बुडते. आणि एकाचा आजार दुसऱ्यास लागला म्हणजे सबंध हंगाम बुडतो. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती साध्या शब्दांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटलें. आम्ही पशुवैद्य नव्हे, व वैद्याच्या जागीं बसण्याचा आमचा हेतुहि नाहीं. वैद्य येईपर्यंत काय करावें, काय करूं नये, व तो जें सांगतो तें कां सांगतो, एवढेंच येथें विशद करावयाचें आहे.

नेहमींचा प्रकार असा घडतो. दोन वर्षांचें चपळ शिंगरूं एके दिवशीं सकाळीं चंदीस तोंड लावीत नाहीं. मान पुढें ताणून तें मलूल उभें राहतें. पाणी पिऊं लागलें तर थोडें नाकावाटे परत येतें. दोन दिवसांनीं नाकपुड्यांतून पाण्यासारखा स्राव सुरू होतो, पुढें तो घट्ट व पिवळसर होतो. आणि दोन्ही जबड्यांच्या मधल्या खोलगट भागांत, हनुवटीच्या मागें, एक गांठ हातास लागते. मार बसलेला नाहीं, जखम दिसत नाहीं, मग ही सूज आली कोठून? शेजारीपाजारी अनेक उत्तरें देतात. कोणी म्हणतो, कांहीं तरी चावलें. कोणी म्हणतो, ओला चारा बाधला. कोणी दृष्ट लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळतो. कोणी लोखंड तापवून डाग द्यावयास सांगतो. आणि एखादा धीट मनुष्य वस्तरा घेऊन ती गांठ तेथल्या तेथें फोडावयास निघतो. या सर्वांच्या सल्ल्यांत एक दोष समान आहे. सूज हाच रोग असें ते धरून चालतात. खरें पाहतां सूज ही रोगाची वर्दी होय. ती कोणाची वर्दी आहे हें ओळखल्यावांचून शस्त्र हातीं घेणें म्हणजे अंधारांत काठी फिरविणें होय.

प्रथम गांठ येते कशी तें पाहूं. पायास कांटा मोडून तो पिकला म्हणजे जांघेंत अवधाण येतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. दुखणें पायांत आणि गांठ जांघेंत, असें कां व्हावें? याचें कारण, रक्ताप्रमाणेंच एक पातळ, पाण्यासारखा रस शरीरभर वाहत असतो व तो वाटेंत जागोजाग लसीकाग्रंथि नांवाच्या लहान गांठींतून गाळला जातो. रोगाचे जंतु त्या रसाबरोबर वाहत आले म्हणजे या ग्रंथि त्यांस अडवितात; तेथें झुंज लागते, ग्रंथि फुगते, तापते, दुखते व कधीं कधीं पिकते. पायाच्या रसाचें नाकें जांघेंत आहे. त्याप्रमाणें घोड्याच्या नाकाच्या व घशाच्या रसाचें नाकें जबड्याखालीं व घशाच्या पाठीमागें आहे. म्हणून जबड्याखालीं उष्ण व दुखरी गांठ आली, तर शत्रु नाकातोंडावाटे आंत शिरला असावा असा तर्क करण्यास हरकत नाहीं.

तरुण घोड्यांत असा शत्रु बहुधा एकच असतो. त्यानें होणाऱ्या रोगास इंग्रजींत स्ट्रँगल्स म्हणतात. गळा आवळला जाणें असा त्या नांवाचा आशय आहे. कारण घशामागची गांठ फार वाढली तर जनावराचा श्वास कोंडतो. हा रोग नवा नव्हे. इटलींत सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या पदरीं असलेल्या जॉर्डानस रूफस यानें इसवी सन १२५० च्या सुमारास घोड्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांत याचें वर्णन आढळतें. पुढें १८८८ सालीं जर्मनींत शुट्झ यानें याचा जंतु दाखवून दिला. स्ट्रेप्टोकोकस इक्वाय हें त्याचें नांव. सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें असतां हे जंतु ओवलेल्या मण्यांसारखे रांगेनें दिसतात. घोडा, गाढव व खेचर या जातींसच ते मुख्यतः बाधतात. मनुष्यास त्यांची बाधा अगदीं क्वचित् होते. पांच वर्षांच्या आंतील जनावरांस हा रोग अधिक होतो. अगदीं लहान शिंगरांस, आईनें पूर्वीं हा रोग भोगलेला असल्यास, पहिले कांहीं महिने तिच्या दुधापासून बरेंच संरक्षण मिळतें.

या रोगाचा क्रम समजून घेणें अत्यंत अगत्याचें आहे. कारण सारा बचाव त्या क्रमांतच आहे. जंतु शिरल्यापासून साधारणतः ३ ते १४ दिवसांनीं प्रथम ताप येतो. निरोगी घोड्याच्या अंगाची उष्णता सुमारें ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते व शिंगराची किंचित् अधिक असते; या रोगांत ती १०३ पासून १०६ अंशांपर्यंत चढते. ताप आल्यानंतर दोन तीन दिवसांनीं नाकांतील स्रावाबरोबर जंतु बाहेर पडूं लागतात. गांठ त्यानंतर स्पष्ट होते, आणि ती पिकून फुटावयास एक आठवड्यापासून चार आठवडेपर्यंत काळ लागतो.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून या क्रमाचा विचार करावा. ताप आधीं येतो व संसर्ग मागाहून सुरू होतो. म्हणजे निसर्गानें मालकास दोन दिवसांची सवड दिली आहे. ज्या तबेल्यांत एक जनावर आजारी पडलें आहे, तेथें बाकीच्या प्रत्येक जनावराचा ताप रोज सकाळसंध्याकाळ मोजला, आणि ज्याचा पारा चढला त्यास त्याच घटकेस वेगळें बांधलें, तर तें दुसऱ्यास रोग देण्यापूर्वींच दूर होतें. उलट, गांठ दिसेपर्यंत जो वाट पाहतो त्याच्या तबेल्यांत तोंवर जंतु फिरून आलेले असतात. घोड्याचा ताप गुदद्वारांत थर्मामीटर ठेवून मोजतात. नळीस दोरी बांधून ती चिमट्यानें शेपटीच्या केंसांस अडकवावी, म्हणजे नळी आंत जाण्याची किंवा खालीं पडून फुटण्याची भीति राहत नाहीं. मापन करणाऱ्यानें घोड्याच्या बाजूस उभें राहावें, पाठीमागें राहूं नये. वर्गांत उष्णतामापक शिकलेल्या मुलास हें काम वडिलांच्या देखरेखीखालीं सहज करतां येईल. व रोजचे आंकडे एका वहींत लिहून ठेवले तर पशुवैद्यास त्यांचा मोठा उपयोग होईल.

जंतु एका जनावरापासून दुसऱ्याकडे जातात ते केवळ नाकास नाक लागल्यानें नव्हे. सर्वांची एकच पाण्याची बादली, एकाचा तोबरा दुसऱ्यास, एकच खरारा, एकच मोहरकी, आणि मोतद्दाराचे न धुतलेले हात, हीं सर्व त्यांचीं वाहनें होत. कोरड्या जागीं उन्हांत हे जंतु लौकर मरतात. परंतु पाण्यांत ते कित्येक दिवस, कधीं कधीं कित्येक आठवडे जगतात. यास्तव आजारी जनावराची बादली, तोबरा व दोर हीं वेगळीं असावींत व तीं ओळखूं यावींत म्हणून त्यांवर रंगाची खूण करावी. एकाच माणसास सर्व जनावरांचें करावें लागत असेल, तर त्यानें निरोगी जनावरांचें आधीं उरकावें व आजाऱ्याचें शेवटीं करावें. नंतर हातपाय साबणानें धुवून कपडे बदलावेत. पू पुसलेला कापूस व खालचें घाण झालेलें गवत जाळावें. भांडें जंतुनाशकांत बुडविण्यापूर्वीं तें घासून स्वच्छ करावें. कारण शेण व शेंबूड यांच्या थराखालीं औषध पोंचत नाहीं.

आतां शुश्रूषेकडे वळूं. जनावरास पूर्ण विश्रांति द्यावी. तापांत टांग्यास किंवा ओझ्यास जुंपूं नये. गिळतांना घसा दुखतो, म्हणून कोवळें हिरवें गवत, भिजविलेला कोंडा असें मऊ खाणें द्यावें व तें जमिनीवर ठेवावें. मान खालीं झाली म्हणजे नाकांतील स्राव वाहून जाण्यास मदत होते. वाऱ्यापावसापासून आडोसा असावा, पण जागा कोंदट नसावी. आपल्याकडे बांबूच्या नळकांड्यानें औषध घशांत ओतण्याची चाल आहे. या रोगांत तें कटाक्षानें टाळावें. सुजलेल्या घशांतून ओतलेलें औषध श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसांत गेलें, तर मूळ रोगाहून तो उपचारच जनावराचा प्राण घेतो.

गांठीवर गरम पाण्याच्या फडक्याचा शेक द्यावा किंवा सोसेल इतकी ऊन पोटीस बांधावी, म्हणजे ती लौकर पिकते. कच्ची गांठ कापूं नये. कच्च्या गांठींत पू एके ठिकाणीं जमलेला नसतो. कापल्यानें तो निघत नाहीं, नुसतें रक्त वाहतें. जबड्याखालीं मोठ्या रक्तवाहिन्या व लाळेच्या नळ्या आहेत, त्या तुटण्याचा धोका असतो. शिवाय गंजलेल्या वस्तऱ्यानें धनुर्वाताचे जंतु आंत जातात, आणि धनुर्वातास घोड्याइतकें सहज बळी पडणारें दुसरें पाळीव जनावर क्वचितच असेल. गांठ मऊ होऊन तिच्या मध्यावरचे केंस झडूं लागले म्हणजे ती पिकली असें समजावें. मग ती आपोआप फुटते, किंवा पशुवैद्य नस्तर लावून ती फोडतो व पोकळी रोज पातळ जंतुनाशकानें धुवावयास सांगतो. पू निघून गेला म्हणजे ताप उतरतो आणि शिंगरूं पुनः चंदी मागूं लागतें.

येथें पुष्कळ पालक विचारतील कीं, पेनिसिलिनसारखीं प्रभावी औषधें असतां हा शेक-पोटिसांचा खटाटोप कशास? प्रश्न योग्य आहे. पेनिसिलिन या जंतूंस खरोखरच मारतें. परंतु गांठ एकदां पिकूं लागली म्हणजे तिच्या आंत, पुवाच्या मध्यभागीं, औषध नीट पोंचत नाहीं. ताप तेवढा उतरतो, गांठ अर्धवट पिकलेली राहते, आणि औषध थांबलें कीं पुनः वाढूं लागते. जें दुखणें तीन आठवड्यांत उरकलें असतें तें लांबतें. गांठ येण्यापूर्वीं, नुसता ताप असतांनाच औषध दिलें तर रोग तेथेंच थांबूं शकतो. पण अशा जनावराच्या अंगीं पुढें उपयोगी पडणारी प्रतिकारशक्ति पुरती येत नाहीं. जनावराचा श्वास कोंडत असेल, तें फार खंगलें असेल, किंवा रोग आंत पसरला असेल, तर मात्र पशुवैद्य विलंब न लावतां हें औषध सुरू करतो. आणि प्रसंग पडल्यास गळ्यास छिद्र पाडून श्वासाची वाट मोकळी करतो. तात्पर्य, औषध द्यावें कीं न द्यावें याचा निर्णय रोगाची कोणती पायरी चालू आहे यावर अवलंबून असतो. ती पायरी दुकानांतून सुई आणून स्वतः टोचणाऱ्यास कळत नाहीं.

योग्य शुश्रूषा झाली तर बहुतेक जनावरें बरीं होतात, व शंभरांतील सुमारें ७५ जनावरांस पुढें पांच वर्षें किंवा अधिक काळ हा रोग पुनः होत नाहीं. तरी कांहीं चिन्हें दिसतांच पशुवैद्यास तांतडीनें बोलवावें. श्वासाचा घरघर आवाज येऊं लागणें हें पहिलें. बरें झाल्यासारखें दिसून जनावर पुनः तापानें खंगत जाणें हें दुसरें. अशा वेळीं पोटांतील किंवा छातींतील ग्रंथि पिकलेल्या असण्याचा संभव असतो. आणि रोगानंतर दोन ते चार आठवड्यांनीं चारही पाय व तोंड एकाएकीं सुजणें व हिरड्यांवर लाल ठिपके उठणें हें तिसरें. यांत जनावराची प्रतिकारशक्तीच बिथरून त्याच्या रक्तवाहिन्यांस इजा करते.

बरें झालेल्या जनावराविषयींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. घोड्याच्या डोक्यांत, घशाच्या वरच्या बाजूस, दोन हवेच्या पिशव्या असतात. प्रत्येकींत सुमारें ३०० ते ५०० मिलिलिटर हवा मावते. घशामागची गांठ कधीं कधीं आंतल्या बाजूस फुटून पू या पिशवींत उतरतो. तो तेथें साचून वाळतो व त्याचे खडे बनतात. घोडा खातो, धावतो, अंगानें तुकतुकीत दिसतो. पण त्या खड्यांत जंतु महिनेच्या महिने, कधीं वर्षानुवर्षें जिवंत राहतात. रोग भोगलेल्या शंभर जनावरांत सुमारें १० पर्यंत अशीं निघतात. नव्या घोड्यांत एकाएकीं सांथ उठते व ती कोठून आली हें कोणास कळत नाहीं, त्याचें मूळ पुष्कळ वेळां अशा निरोगी दिसणाऱ्या घोड्यांत असतें. पशुवैद्य नाकांतून दुर्बिणीची बारीक नळी घालून या पिशव्या तपासतो, व त्या धुवून निघालेल्या पाण्याची जंतूंसाठीं परीक्षा करवितो. ही सोय जवळ नसेल, तर जनावर बरें दिसूं लागल्यावरहि निदान सहा आठवडे तें वेगळें ठेवावें. यात्रेच्या बाजारांत याचें महत्त्व विशेष आहे. नंदुरबार जिल्ह्यांत सारंगखेडें येथें दत्तजयंतीस व नांदेड जिल्ह्यांत माळेगांव येथें खंडोबाच्या यात्रेस दूरदूरचे घोडे येतात. तेथून आणलेलें जनावर कितीहि उमदें असलें तरी तीन आठवडे आपल्या जनावरांपासून लांब बांधावें व रोज ताप मोजावा.

आतांपर्यंत एकाच रोगाचें वर्णन केलें. पण प्रत्येक सूज त्याचीच असते असें नाहीं. जन्मानंतर थोड्याच दिवसांत शिंगराचा गुडघा किंवा घोटा उष्ण होऊन सुजला व तें लंगडूं लागलें, तर जंतु बहुधा नाळेवाटे शिरून सांध्यांत उतरले आहेत असें समजावें. येथें एक दिवसाचा विलंबहि पाय कायमचा निकामी करूं शकतो. यासाठींच जन्मतांच नाळेस जंतुनाशक लावणें व पहिल्या कांहीं तासांत आईचा चीक पाजणें अवश्य आहे. पोटाखालीं व पायांवर थंड, न दुखणारी सूज असेल, बोटानें दाबलें असतां खळी राहत असेल, व ताप येऊन जाऊन येत असेल, तर सुरा या रोगाची शंका घ्यावी. त्याचे परोपजीवी जंतु ग्रिफिथ इव्हान्स यानें १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत शोधून काढले. चावणाऱ्या मोठ्या माशा त्यांचा प्रसार करतात.

परंतु सर्वांत भयंकर तो ग्लँडर्स. यांतहि नाक वाहतें व जबड्याखालीं गांठ येते, म्हणून घोटाळा होतो. भेद असा कीं, स्ट्रँगल्सची गांठ उष्ण व दुखरी असून पिकते व फुटते. ग्लँडर्सची गांठ बहुधा कठीण, न दुखणारी व जागीं चिकटलेली असते व पिकत नाहीं. नाकाच्या आंत व्रण पडतात. पायांच्या आंतल्या बाजूस मण्यांच्या माळेसारख्या गांठी उठतात व फुटून त्यांतून मधासारखा चिकट पू वाहतो. हा रोग माणसांस होतो व प्राण घेतो. त्याच्या परीक्षेसाठीं मॅलेईन नांवाचें द्रव्य रशियन साम्राज्यांत हेल्मन व काल्निंग यांनीं १८९१ सालीं तयार केलें; त्यांपैकीं काल्निंग हा त्याच सालीं त्याच रोगानें मरण पावला. आपल्या देशांत यासाठीं १८९९ सालीं स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा २००९ सालच्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या कायद्यानें घेतली आहे. २००६ सालीं महाराष्ट्रांत हा रोग पुनः उद्भवला होता. शंका येतांच जनावरास उघड्या हातानें स्पर्श करूं नये, मुलांस दूर ठेवावें, व ग्रामपंचायतीस आणि सरकारी पशुवैद्यास कळवावें. रक्ताच्या तपासणीनें रोग ठरला तर जनावर मारावें लागतें. गरीब मालकास तो आघात मोठा वाटतो व म्हणून रोग लपविण्याचा मोह होतो. परंतु लपविलेला रोग आधीं त्या घरच्याच माणसांस गांठतो.

जनावरांच्या रोगांची चिकित्सा आपल्या देशास नवीन नाहीं. घोड्यांच्या वैद्यास सालोत्री म्हणत, तो शब्दच शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नांवावरून आला आहे. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें कॉलेज १८८६ सालीं स्थापन झालें. पुण्यास १८८९ सालीं जनावरांच्या रोगजंतूंचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली. पुढें १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. कारण सांसर्गिक जंतूंवर प्रयोग करावयाचे तर दाट वस्तीपासून दूर राहणें अवश्य होतें. विद्वानांच्या प्रयोगशाळेनें जो नियम स्वतःस लावून घेतला, तोच आपल्या अंगणांतील तबेल्यासहि लागू आहे.

तो नियम एका वाक्यांत सांगतां येईल : सुजेचें नांव कळण्यापूर्वींच जनावर वेगळें बांधावें. नांव वैद्य ठरवील. त्यास एक दिवस लागो कीं आठ दिवस लागोत. वेगळें बांधण्यास मात्र खुंटा, दोर आणि निराळी बादली एवढेंच लागतें, व तें प्रत्येक घरीं आहे. पुढें ती सूज साधी ठरली तर चार पावलें अधिक चालण्यापलीकडे कांहीं गेलें नाहीं. आणि ती साधी नसली तर त्या चार पावलांनीं सबंध तबेला, आणि कदाचित् घरचें एखादें मूलहि, वांचलेलें असेल.